भाड्याचं घर विकायला काढलंय. प्रत्येक खरेदीदाराला दार उघडायलाच हवं का?

घर पाहण्याचा हक्क मालकाला आहे, पण पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. मात्र भाडेकरूचा खरा प्रश्न घर दाखवण्याचा नाही, विक्रीनंतरचा आहे. कायदा काय सांगतो आणि तो कुठे गप्प बसतो, समजून घ्या.

रविवारची सकाळ. साळवी स्टॉपजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बेल वाजते. घरात आंघोळी व्हायच्या आहेत, पावसामुळे न वाळलेले कपडे हॉलमध्ये दोरीवर लटकतायत. दारात एजंट आणि त्याच्या मागे मुंबईहून आलेलं एक कुटुंब. "ताई, फक्त पाच मिनिटं. मालकांशी बोलणं झालंय." पाच मिनिटांत स्वयंपाकघर, बाथरूम, गॅलरी बघून होते. कुणीतरी कपाटाचं दार उघडून खोली मोजतं, कुणीतरी मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढतं. पुढच्या रविवारी दुसरं कुटुंब, गुरुवारी संध्याकाळी तिसरं.

प्रसंग नमुन्यादाखल आहे, पण भाड्याने राहणाऱ्या अनेकांना तो ओळखीचा वाटेल. रत्नागिरीत बदलीवर आलेले बँक आणि सरकारी कर्मचारी, रुग्णालयातल्या परिचारिका, मिरजोळे एमआयडीसीतले कामगार, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड केलेली खेड्यातली कुटुंबं, असे कितीतरी जण भाड्याच्या घरात राहतात. मालक अनेकदा मुंबई-पुण्यात असतो. तो गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येतो, तेव्हा घर दाखवायची घाई होते. त्या घाईत एक गोष्ट सगळेच विसरतात. घर विकाऊ असलं तरी आज तिथे कुणाचा तरी संसार चालू आहे.

थोडक्यात उत्तर

मालकाला घर विकण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी भाडेकरूची परवानगी लागत नाही. पण न सांगता, केव्हाही, कितीही वेळा माणसं घेऊन घरात शिरण्याचा हक्क त्याला नाही. दुसऱ्या बाजूला, 'घर दाखवूच देणार नाही' असं कायमचं म्हणणंही भाडेकरूला परवडणारं नाही. या दोन टोकांमधली जागा करारातल्या ओळींनी भरायची असते. बहुतेक करारांमध्ये त्या ओळीच नसतात.

आधी कागद बघा: तुम्ही 'भाडेकरू' की 'परवानाधारक'?

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आज शहरांत ११ महिन्यांचे जे करार होतात, ते बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवान्याचे करार असतात. त्यात मालक घर वापरायची परवानगी देतो, घरात कोणताही मालमत्तेचा हक्क देत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये परवान्याची ही व्याख्या आहे. याउलट खऱ्या भाडेपट्ट्यात भाडेकरूला घराच्या वापराचा स्वतंत्र हक्क मिळतो. त्याचे नियम १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहेत.

कागदावर 'परवाना' लिहिलं, पण प्रत्यक्षात भाडेपट्टा असेल तर? असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदाचं नाव नव्हे, व्यवहाराचं खरं स्वरूप बघायचं. पण महाराष्ट्रातल्या घरांच्या बाबतीत हा युक्तिवाद फार लांब जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार लेखी परवाना करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणून सही करण्याआधी वाचणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणि करारच नसेल तर? याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं. 'ओळखीतलं घर आहे, कागद कशाला' म्हणणाऱ्या मालकांनी हे लक्षात ठेवावं.

एक स्थानिक खबरदारी. १९९९ चा कायदा ठरावीक क्षेत्रांना लागू होतो. नगर परिषदेच्या हद्दीबाहेर, शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायतीत घर असेल, तर तिथे तो लागू आहे का, हे वकिलाला विचारून घ्यावं. १८८२ चे दोन्ही कायदे मात्र हद्द बघत नाहीत.

मालकाचा हक्क: पाहणी, पण सांगून

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे. घर भाड्याने दिलेलं असो की परवान्यावर, मालकाला त्याची पाहणी करता येते. मात्र पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. 'पूर्वसूचना' आणि 'वाजवी वेळ' या दोन अटी मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. त्या हक्काचाच भाग आहेत. दारात उभं राहून केलेला फोन ही पूर्वसूचना होत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ याच्या दोन्ही बाजू सांगतं. भाडं वेळेवर देणाऱ्या भाडेकरूला मुदत संपेपर्यंत घराचा निर्वेध उपभोग मिळाला पाहिजे. आणि मालक किंवा त्याच्या माणसांनी वाजवी वेळी येऊन घराची स्थिती बघायची म्हटलं, तर भाडेकरूने ती बघू दिली पाहिजे.

इथे बारकाईने वाचायला हवं. दोन्ही कायदे 'पाहणी' म्हणतात, म्हणजे घराची स्थिती, गळती, पडझड बघणं. खरेदीदारांना घर दाखवण्याबद्दल दोन्ही कलमांत एक शब्दही नाही. छतातून पाणी गळतंय का हे बघायला मालक एकदा येतो. खरेदीदार दहा येतात, आणि त्यांना छतापेक्षा कपाटाची खोली आणि बेडरूमचा उजेड बघायचा असतो. या दोन गोष्टी एकाच कलमात कोंबणं ओढाताण आहे. परवान्याच्या ऑनलाइन नोंदणीचा जो प्रचलित मसुदा वापरला जातो, त्यातलं पाहणीचं कलमही मालकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने सूचना देऊन पाहणी करण्याबद्दलच बोलतं.

बाकीच्यांनी काय केलंय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात मालकाने घरात येण्याआधी किमान २४ तास लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, आणि त्यात कारण, दिवस व वेळ लिहावी, असं आहे. दुरुस्ती आणि पाहणी सोडून दुसरं कुठलंही वाजवी कारण असेल तर ते करारात लिहिलेलं हवं. म्हणजे तिथेही खरेदीदार आणायचे तर करारात तशी अट हवी. हा कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या भाडेकरूला १९९९ चाच कायदा बघावा लागतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने हा प्रश्न थेट हाताळला आहे. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम १९५४ मध्ये संभाव्य खरेदीदाराला घर दाखवणं हे प्रवेशाचं स्वतंत्र, वैध कारण आहे. त्यासाठी साधारणपणे २४ तास आधी लेखी सूचना आणि कामकाजाची वेळ, अशी चौकट आहे. घर विक्रीला काढल्याचं भाडेकरूला एकदा लेखी कळवलं, की पुढचे १२० दिवस प्रत्येक वेळी फोनवर २४ तासांची सूचना चालते. यात मालकाची विक्री अडत नाही आणि भाडेकरूचा रविवारही वाचतो.

जादा किल्ली म्हणजे परवाना नव्हे

अनेक मालक एक किल्ली स्वतःकडे ठेवतात. आग लागली, नळ फुटला तर ती उपयोगी पडते, हे खरं. पण भाडेकरू कामावर असताना त्या किल्लीने एजंटला घर दाखवायला पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. कलम २८ ची पूर्वसूचना इथेही लागते.

हा गुन्हा ठरतो का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. हे कलम मालकी बघत नाही, ताबा कुणाचा आहे ते बघतं. पण गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा, त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. त्यामुळे मालकाच्या प्रत्येक न सांगता केलेल्या फेरीवर लगेच गुन्हा दाखल होईल, असं समजू नये. लेखी हरकत घेतल्यावरही तेच चालू राहिलं, तर मात्र हेतूचा प्रश्न गंभीर होतो. म्हणून पहिली हरकत तोंडी नको, लेखी हवी. व्हॉट्सॲपवरचा साधा मेसेजही चालेल.

व्हिडिओचं काय? पाहणीच्या हक्कात भाडेकरूच्या सामानाचं, मुलांचं, देवघराचं, औषधांच्या डब्याचं चित्रीकरण येत नाही. रिकाम्या भिंतींचे फोटो मालकाकडे आधीचे असतात, नसतील तर एकदा वेळ ठरवून काढता येतात. 'बघा, पण शूटिंग नको' असं सांगण्यात उद्धटपणा नाही. कुठल्या खिडकीला जाळी नाही आणि घर दिवसभर बंद कधी असतं, हे अनोळखी ग्रुपवर फिरू नये, इतकीच ती काळजी आहे.

खरा धोका: विक्रीनंतर काय?

दारावरच्या वादात एक मोठा प्रश्न मागे पडतो. घर विकलं गेलं तर राहणाऱ्याचं काय?

खऱ्या भाडेकरूला इथे संरक्षण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ नुसार नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि भाडेपट्टा चालू राहतो. विक्रीची कल्पना नसताना जुन्या मालकाला भाडं दिलं असेल, तर ते पुन्हा द्यावं लागत नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूला तर कायद्यात दिलेल्या कारणांवरून न्यायालयाचा हुकूम मिळाल्याशिवाय काढताच येत नाही. विक्री हे त्यातलं कारण नाही.

परवानाधारकाचं तसं नाही. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ स्पष्ट आहे. परवाना देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली, तर नवा मालक त्या परवान्याने बांधील राहत नाही. म्हणजे करारात अजून सात महिने शिल्लक असले, तरी नवा मालक 'तो करार माझा नाही' म्हणू शकतो. ऐन ऑगस्टमध्ये, मुलांच्या शाळा सुरू झाल्यावर, पावसात घर शोधायची वेळ येते ती यामुळे. ११ महिन्यांचा करार म्हणजे ११ महिन्यांची हमी, ही समजूत इथे मोडते.

तरी परवानाधारक अगदीच उघड्यावर नाही. कलम ६३ नुसार परवाना रद्द झाल्यावर घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे. मोबदला देऊन घेतलेला परवाना राहणाऱ्याची चूक नसताना मुदतीआधी संपवला, तर कलम ६४ नुसार परवाना देणाऱ्याकडून भरपाई मागता येते. आणि कुणीही कुलूप बदलून किंवा सामान जिन्यात काढून ताबा घेऊ शकत नाही. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला तिथे राहण्याचा हक्क उरलेला नाही असं धरलं, तरीही मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढावं लागतं.

पण याचा उलटा अर्थ काढून मुदत संपल्यावरही बसून राहू नये. कलम २४ नुसार मुदत संपलेल्या परवानाधारकाविरुद्ध मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्क भरावं लागतं.

डिपॉझिट हा दुसरा काटा. पैसे जुन्या मालकाने घेतलेले असतात, तो विक्री करून मोकळा होतो आणि नवा म्हणतो, 'मला काही मिळालेलं नाही.' विक्री होण्याआधीच डिपॉझिट कोण परत करणार हे तिघांच्या सहीने लिहून घ्यावं. खरेदीखत झाल्यावर जुना मालक फोन उचलेलच असं नाही.

मालकाचीही अडचण आहे

भाड्याचं घर विकणारा प्रत्येक जण सटोडिया नसतो. निवृत्त शिक्षकाला आजारपणासाठी पैसा लागतो, भावंडांना वाटणी करायची असते, कर्ज फेडायचं असतं. लाखो रुपयांचं घर कुणीही न बघता घेणार नाही. भाडेकरूने सरळ नकार दिला, तर मालक करारातलं महिन्याभराच्या नोटिशीचं कलम वापरून घर रिकामं करायला सांगेल. बहुतेक परवाना करारांत ते कलम असतं. म्हणजे आडमुठेपणाने भाडेकरूचंच नुकसान होतं.

मालकानेही एक हिशेब करावा. चिडलेल्या भाडेकरूच्या घरात खरेदीदाराला ओले कपडे आणि कपाळावरच्या आठ्या दिसतात. आधी सांगितलं असेल तर घर आवरलेलं असतं, आणि 'पाणी दिवसभर असतं, शेजार चांगला आहे' हे भाडेकरूच सांगतो. विक्रीला त्याहून चांगली शिफारस कुठली?

करारात या ओळी घाला

ऑनलाइन नोंदणी करताना ठरलेल्या मसुद्याशिवाय अतिरिक्त अटी घालता येतात. तिथे साध्या मराठीत एवढं लिहिलं तरी पुरे:

• घर विक्रीला काढल्यास मालक ते परवानाधारकाला लेखी कळवील.

• खरेदीदाराला घर दाखवण्याआधी किमान २४ तास मेसेज करील. आठवड्यातून जास्तीत जास्त दोन वेळा, सकाळी १० ते संध्याकाळी ६ दरम्यान, परवानाधारकाच्या घरातली प्रौढ व्यक्ती हजर असताना.

• परवानाधारकाच्या संमतीशिवाय फोटो किंवा व्हिडिओ काढले जाणार नाहीत.

• विक्री झाल्यास उरलेली मुदत नव्या मालकाकडून मान्य करून घेण्याची जबाबदारी जुन्या मालकाची. ते न झाल्यास किमान दोन महिन्यांची नोटीस, आणि घर सोडण्याच्या दिवशी पूर्ण डिपॉझिट परत.

करार आधीच झाला असेल, तर पहिला खरेदीदार येण्याआधी मालकाला मेसेज करावा. उदाहरणार्थ: "काका, घर दाखवायला आमची हरकत नाही. फक्त आदल्या दिवशी मेसेज करा. शनिवार-रविवार सकाळी ११ ते १ आम्ही घरी असतो, त्या वेळेत आणा. आम्ही नसताना कृपया घर उघडू नका." या चार ओळींत सहकार्य आहे, अट आहे आणि उद्या लागला तर पुरावाही आहे.

ऐकलंच नाही तर?

आधी लेखी हरकत घ्यावी. नंतर वकिलाची नोटीस. त्यानेही भागलं नाही तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. घर सोडावं म्हणून पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ भाडेकरूच्या मदतीला आहे. पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडणाऱ्या मालकाला न्यायालय ती पूर्ववत करायला लावू शकतं. जबरदस्ती किंवा धमकी असेल तर ११२ वर फोन करावा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळण्याची कायद्यात तरतूद आहे.

सरकारला एवढं तरी करता येईल

हा प्रश्न सोडवायला नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. परवान्याच्या करारांची नोंदणी आज ऑनलाइन होते. पाहणीच्या कलमाखाली 'विक्रीसाठी घर दाखवणे' आणि 'विक्री झाल्यास मुदत व डिपॉझिट' अशी दोन कलमं नोंदणी विभागाने प्रमाण मसुद्यात घातली, तर वकील न परवडणाऱ्यालाही ती आपोआप मिळतील. मालक आणि भाडेकरू दोघांनाही पहिल्या दिवशीच कळेल, की घर विकायला निघालं तर काय करायचं. आज ही गोष्ट दारात, तिसऱ्या माणसासमोर, पाच मिनिटांत ठरते. अशा वेळी ज्याच्याकडे जाण्यासाठी दुसरं घर नसतं, तोच नेहमी माघार घेतो.